मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजू

(डेल्फ्ट येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सॉफ्टवेअरच्या मुलाखती आणि रिक्रूटर या विषयावर आपल्याकडे तक्रारींना तोटा नाही. मला आज एवढेच सांगायचे आहे, की "नकार का दिला?" हे विचारायला उमेदवाराने कचरू नये, आणि आपण मुलाखत घेतो तेव्हा त्याचे प्रामाणिक उत्तर आपल्याकडे असावे.

आधी रिक्रूटर. नोकरी मिळवून दिल्याबद्दल तो उमेदवाराकडून पैसे घेऊ शकत नाही. डच कायद्यात तशी मनाई आहे. त्याला पैसे कंपनी देते, म्हणजे त्याचे गिऱ्हाईक कंपनी, आपण नव्हे. दोन दिवसांत चार फोन करून तो एकदम गप्प होतो, त्याचे कारण बहुधा इतकेच असते.

पण त्या मौनाची किंमत आपल्याला जास्त पडते. डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींना नोकरी शोधायला एक वर्षाचा 'झूकयार' परवाना मिळतो. तो वाढवून मिळत नाही. 'केनिसमिग्रंट' म्हणून आलेल्याची नोकरी गेली, तर हाती फार तर तीन महिने. त्यात पगाराची अट: २०२५ मध्ये तिशीच्या आतल्यांसाठी दरमहा ४,१७१ युरो, तिशीपासून पुढे ५,६८८. तिशीनंतर कंपनी बदलली की वरची अट लागते. पाच फेऱ्या, घरी करायची असाइनमेंट आणि तीन आठवड्यांची शांतता, यात परवान्याचा केवढा भाग संपतो याचा हिशेब करा.

मला एका कंपनीने पाच फेऱ्यांनंतर एका ओळीचा नकार पाठवला. २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याच्या आधारे मी मुलाखतीचे शेरे मागितले. महिन्याभरात ते आले. कोडिंगबद्दल चांगलेच लिहिले होते. शेवटी शेरा: "टीममध्ये मिसळेल असे वाटत नाही." नोकरी मिळाली नाही, पण पुढचे दोन महिने अल्गोरिदम घोकण्यात घालवायचे नाहीत, हे कळले.

या मागणीला भक्कम आधार आहे. पीटर नोवाक या आयरिश प्रशिक्षणार्थी अकाउंटंटने आपली उत्तरपत्रिका मागितली होती. डिसेंबर २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले, की उत्तरे आणि परीक्षकाचे शेरे ही दोन्ही उमेदवाराची वैयक्तिक माहिती आहे.

आता आपली बाजू. आपल्यापैकी अनेक जण आज मुलाखती घेतात, ओळखीच्यांचे सीव्ही पुढे सरकवतात. "टीममध्ये मिसळेल का" हे डच माणसाने म्हटले की आपल्याला झोंबते. मग समोर मराठी उमेदवार आला, की आडनाव वाचून आपण "मूळचे कुठले?" का विचारतो? त्यातून काय चाचपले जाते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि उत्तर देणाऱ्यालाही. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. नोकरीही त्यात येते. आपण कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, आणि उमेदवारासमोर मोठ्याने वाचता येईल असाच शेरा लिहावा.

ज्यांना अर्जाचा मसुदा हवा असेल, त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर भेटावे.