पाण्यात बसलेला साप



गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरचा अजगर सलग दोन दिवस पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसला होता. अजगर म्हटल्यावर दचकू नका. पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनकडचा हा लहान अजगर. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःला चेंडूसारखं गुंडाळून घेतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. माझ्या मुलाचा तर जेमतेम तीन फुटांचा आहे. आम्ही शिकागोजवळ राहतो आणि इथे हे साप दुकानात मिळतात. आपल्याकडे नाग, धामण, अजगर घरात बाळगणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर एखादा सर्पमित्र माझ्यावरच रागवायचा.

तर, मुलगा म्हणाला, त्याला उकडत असेल. मलाही ते पटलं. तिसऱ्या दिवशी भांडं धुवायला उचललं, तर तळाशी खसखस सांडल्यासारखे काळे ठिपके. त्यातला एक चालायला लागला.

साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं. "सापाला उवा? आता काय ऐकायचं राहिलं!" आणि पाठोपाठ उपाय: कडुनिंबाचं पाणी, पेटीत डांबराच्या गोळ्या, नाहीतर पूर्वी गोठ्यात गोचिडांवर मारायचे ते नुवान. हसण्यासारखं नाही हे. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, आणि त्याच द्रव्याच्या पट्ट्या एकेकाळी अमेरिकेत जाणती माणसंसुद्धा सापांच्या पेट्यांत टांगायची. कीड मरायची. पण बंद पेटीत ती वाफ सापाच्याही श्वासात जाते आणि त्याच्याही मज्जातंतूंवर बसते. भारतात तर 31 डिसेंबर 2020पासून डायक्लोरव्हॉसवर बंदीच आहे. डांबराच्या गोळ्यांची वाफही तशीच श्वासात जाते. कपाटातले कपडे श्वास घेत नाहीत, साप घेतो.

ही कीड म्हणजे ऊ नव्हे. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात, त्या कोळ्यांची ही लांबची भावकी. नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. आकार मिलिमीटरभर, उपाशी असताना पिवळट, रक्त प्यायल्यावर काळी. खवल्यांखाली, हनुवटीच्या खाचेत, डोळ्यांच्या कडेला ती दडते. फार झाली तर सापाच्या अंगातलं रक्त कमी होतं, कात नीट निघत नाही. साप बिचारा पाण्यात बसतो तो तिला बुडवायला.

जोसेफ कॅमिन नावाच्या अमेरिकन संशोधकानं 1953मध्ये या किडीचा जन्मक्रम बारकाईनं लिहून ठेवला. त्यातली माझ्या कामाची गोष्ट अशी, की मादी अंडी सापाच्या अंगावर घालत नाही. पोटभर रक्त पिऊन ती खाली उतरते आणि अंधारी, ओलसर फट शोधते. पेटीचा सांधा, लाकडाची भेग, भांड्याखालची जागा. आयुष्यात साठ-सत्तर अंडी. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी रक्त पीतच नाही, पुढची अवस्था पिते, त्यापुढची पुन्हा पीत नाही. उबदार पेटीत अंड्यापासून प्रौढ किडीपर्यंत दोन ते अडीच आठवडे. म्हणजे सापावर जे दिसतं तो नुसता वरचा थर. बाकी गोतावळा पेटीत. म्हणून औषध द्यायचं ते मुख्यतः पेटीला.

पण ते कसं द्यायचं, हे मला कळलं थोडं उशिरा. मी फार्मसिस्ट. दिवसभर लोकांना "लेबल वाचा" सांगणं हा माझा धंदा. इथे अर्धा टक्का पर्मेथ्रिनचा फवारा मिळतो. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटकांना मारणारं द्रव्य असतं, त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं हे औषध. रिकाम्या पेटीत मारायचं, पाण्याचं भांडं बाहेर ठेवायचं, झाकण उघडं टाकायचं आणि पूर्ण वाळल्यावरच साप आत सोडायचा. मी मारलं, दहा मिनिटांनी काचेला बोट लावलं, कोरडं वाटलं, साप आत, भांडंही आत, झाकण बंद. काच वाळली होती. तळाचे कोपरे ओले होते.

तासाभरानं त्याची मान वळून छताकडे गेली होती आणि डोकं हलत होतं. पशुवैद्य फोनवर म्हणाल्या, आधी बाहेर काढा, कोमट पाण्यानं अंग धुवा, मोकळ्या हवेत ठेवा आणि घेऊन या. तीन दिवसांनी तो सावरला. मुलगा काही बोलला नाही. फक्त तो डबा उचलून त्यानं लेबल मोठ्यानं वाचलं.

दुसऱ्यांदा नीट केलं. साप साध्या प्लास्टिकच्या डब्यात, हवेला भोकं पाडून, खाली पांढरा पेपर टॉवेल, कारण पांढऱ्यावर खसखस लपत नाही. कोमट पाण्यात थोडा वेळ, मान सहज वर राहील इतकंच पाणी, आणि आपण समोर बसून. पाणी चढलं की कीड डोक्याकडे धावते, तिथे ओल्या कापसानं टिपून घ्यायची. पेटीतला सालीचा भुसा पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर, लाकडाची गुहा कचऱ्यात. सांध्यांतून व्हॅक्यूम, मग फवारा, मग रात्रभर उघडी पेटी. पर्मेथ्रिन माशांना विष आहे, मांजरांनाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. म्हणून त्या खोलीतली माशांची टाकी आधी बाहेर गेली, आणि शेजारच्या घरून येणाऱ्या बोक्याला आठवडाभर दार बंद.

आयव्हरमेक्टिनबद्दल फार विचारतात. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं औषध, त्यासाठी 2015चं नोबेल मिळालं, आणि इथे गुरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळतं. पण जरा हिशेब करा. गुरांचं औषध एक टक्क्याचं, म्हणजे मिलीलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. सापाला साधारणपणे किलोमागे 0.2 मिलिग्रॅम धरतात. किलोभर सापाला 0.02 मिलीलिटर. थेंबाच्या निम्म्याहून कमी! स्वयंपाकघरातल्या चमच्यानं हे मोजणार कसं? काही बॉल पायथनना बरोबर मात्राही सोसत नाही, आणि कासवाला तर हे औषध जिवावर बेतणारं आहे. हे काम पशुवैद्याचंच.

किडीला खाणारे कोळीही मिळतात. कुंड्यांतल्या माश्यांसाठी हरितगृहवाले वापरतात ते. काट्यानं काटा काढायची ही तऱ्हा मला आवडते, पण फवारलेल्या पेटीत सोडले तर तेही मरतात. दोन्ही एकदम चालत नाही.

सोळाव्या दिवशी पेपर टॉवेलवर दोन ठिपके सापडले. आधीच्या फवाऱ्यांतून वाचलेल्या अंड्यांची ही मंडळी, म्हणून पेटी पुन्हा रिकामी, पुन्हा फवारा. त्यानंतर सहा आठवडे रोज कागद बदलला. एकदाही काही दिसलं नाही. मधल्या काळात सापानं उंदीर खाल्ला, आणि मुलाच्या आवाजात जीव आला.

आता मुलाला दुसरा साप हवा आहे. मी हो म्हटलं, एका अटीवर. नवा साप आधी नव्वद दिवस वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर. त्याची देखभाल सगळ्यात शेवटी, मग हात धुवायचे, शर्ट बदलायचा. घरात वेगळी अशी खोली एकच आहे, पाहुण्यांची. सासूबाई जूनमध्ये तीन महिन्यांसाठी येताहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.