गोठलेल्या तळ्यावरची गर्दी



टॉमस रोलंडसन या इंग्रज चित्रकाराच्या 1784 सालच्या एका जलरंगचित्राबद्दल आज बोलायचं आहे. लंडनच्या हाइड पार्कमधलं सर्पेंटाइन तळं गोठलंय आणि बर्फावर घसरायला सगळं शहर लोटलंय. कुणी ऐटीत चाललाय, कुणाचा तोल गेलाय, कुणी उताणा पडलाय. शाईची चपळ रेषा आणि तिच्यावर रंगाचा अगदी पातळ हात. त्यामुळे पडणारा माणूस अजून पडतोच आहे असं वाटतं. मला यातली थट्टा दिसते ती अशी: भारी कोट घातला म्हणून बर्फ कुणाला सांभाळून घेत नाही.

आपल्याकडे व्यंगचित्रकार शि. द. फडणिसांनी एकही शब्द न वापरता दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरून हसवलं. त्यांचं हसू मायेचं. रोलंडसन बोचकारतो.

पण चित्रातली ही थंडी साधी नव्हती. 1783च्या जूनमध्ये आइसलंडमध्ये लाकी इथं ज्वालामुखी फुटला. तिथली गुरं मेली, दुष्काळ पडला आणि सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. पुढचा हिवाळा युरोपभर कडाक्याचा ठरला. काही अभ्यासक त्याचं नातं या उद्रेकाशी जोडतात. हे कळल्यापासून मला त्या चित्राकडे नुसतं हसून बघता येत नाही.

मजा आणि हाल असे शेजारी-शेजारी आपल्याकडेही असतात. आता आपला महाड-पोलादपूरचा मुलूख बघा. डिसेंबरात रायगडाच्या रोपवेला रांगा लागतात, पोलादपूरवरून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला गाड्या चढतात. पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्याला भांबुर्ड्याचा पाला लावून त्या भाजण्याची पोपटी होते. हा आनंद खरा आहे, तो मलाही हवा असतो. पण याच महिन्यांत कातकरी आदिवासींच्या वाड्यांमधली कितीतरी घरं बंद असतात. दिवाळीनंतर माणसं पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेली असतात. मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच सुटते.

महाड-पोलादपूरच्या शाळांत चित्रं काढणाऱ्या मुलामुलींनो, घाटातला रविवार जरूर रंगवा. सेल्फीसाठी कठड्यावर चढलेल्यांची, गाडीतून वेफर्सची पाकिटं भिरकावणाऱ्यांची मनसोक्त टर उडवा. त्याच कागदावर भट्टीकडे निघालेलं कुटुंबही काढा, कोपऱ्यात नको, इतरांएवढंच मोठं. मात्र त्यांच्यावर हसू येईल अशी रेषा ओढू नका.