पोटातल्या बाळाला धुरापासून जपा



घरात लेकीला किंवा सुनेला दिवस गेले, की आपण किती जपतो तिला! भरलेला हंडा उचलू देत नाही, डोहाळे पुरवतो, सातव्या महिन्यात ओटी भरतो. हे सगळं चांगलंच आहे. पण तीच पोर सकाळ-संध्याकाळ ओलं सरपण घालून चुलीपुढं बसते, फुंकणीनं फुंकते, डोळे चोळते, खोकते. तिकडं मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. "धुराची काय, सवय होते," असं म्हणून आपण मोकळे होतो. डोळ्यांना सवय होतही असेल. पण रक्ताला होत नाही, आणि पोटातल्या बाळाला तर मुळीच होत नाही. हा धूर बाळाच्या वाढीला आणि त्याच्या मेंदूला कसा अपाय करतो, आणि तो टाळण्यासाठी घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः पुरुषमंडळींनी काय करावं, हे आज सांगायचं आहे.

धुरात असतं तरी काय?

धुरात दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली म्हणजे अतिशय बारीक कण. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीचे पंचवीस-तीस भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक. शेतातली धूळ नाकात अडते, हे कण अडत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि त्यांतले सर्वांत बारीक कण रक्तात उतरतात. आपल्या देशात ठरवलेल्या प्रमाणानुसार एक घनमीटर हवेत असे कण दिवसभराच्या सरासरीनं ६० मायक्रोग्रॅमच्या वर असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली तर ही मर्यादा १५ वर आणली. चुलीच्या बंद स्वयंपाकघरात मात्र हा आकडा शेकड्यांत जातो. बाहेरच्या हवेची मोजमापं शहरात होत होती, तेव्हा कर्क स्मिथ या शास्त्रज्ञानं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच गुजरातमधल्या खेड्यांत जाऊन स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता. धूर म्हणजे केवळ शहरांचं आणि कारखान्यांचं दुखणं नव्हे, हे त्यातून जगापुढं आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. लाकूड, शेणी, कोळसा अर्धवट जळाला की तो तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. बैलगाडीत आधीच दगड भरले, तर धान्याची पोती कुठं ठेवणार? तसंच हे आहे. आईचं रक्त आधीच कमी असेल, तर गाडीच लहान. त्यात पुन्हा दगड!

बाळ पोटात श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू आणि अन्न मिळतं ते वारेतून, नाळेवाटे. पूर्वी वाटायचं की वार सगळी घाण गाळून टाकते. पण २०१९ साली बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले. २०२२ साली त्यांनी स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांबरोबर केलेल्या तपासणीत ते गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूतही आढळले. म्हणजे आईच्या श्वासातली काजळी बाळाच्या मेंदूपर्यंत पोचू शकते.

मेंदू कधी घडतो?

ज्वारी पोटरीत असताना पाण्याची पाळी चुकली, तर मागाहून चार पाळ्या दिल्या तरी कणीस भरत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. मेंदूचंही तसंच आहे. गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया घातला जातो. कित्येक बायकांना तोवर आपल्याला दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्यानं वाढतो. जन्मानंतरही तो वाढतच राहतो आणि दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा होतो. आणखी एक ध्यानात घ्या. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, तर तान्हं मूल चाळीस ते साठ वेळा. त्यामुळं धुराच्या खोलीत त्याच्या वाट्याला त्याच्या वजनाच्या मानानं जास्त धूर येतो.

आता तुम्ही म्हणाल, "आमच्या आया चुलीपुढंच वाढल्या, आम्ही काय वेडे निघालो?" प्रश्न रास्त आहे. धुरामुळं प्रत्येक मूल मंद होतं असं कुणी म्हणत नाही. मुलाची बुद्धी आईच्या आहारावर, आयोडीनयुक्त मिठावर, घरात त्याच्याशी किती बोलतात यावर, अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. पण चांगलं बियाणं पडलं म्हणून तण वाढू द्यायचं का? धूर हे तण आहे. ते जेवढं काढता येईल तेवढं काढावं.

पाहणीत काय दिसलं?

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात आणि पोलंडमधल्या क्राकोव शहरात गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजण्याचं छोटं यंत्र देऊन त्यांच्या श्वासातला धूर मोजला गेला. मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांची बुद्धिचाचणी घेतली. ज्यांच्या आयांच्या श्वासात धुरातली विषारी द्रव्यं जास्त गेली होती, त्यांचा बुद्ध्यंक सरासरीनं सुमारे चार अंकांनी कमी भरला.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या खेड्यांत आपल्यासारख्याच चुली आहेत. तिथं शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड जितका जास्त, तितकी तिच्या मुलाची सहा-सात वर्षांच्या वयातली कामगिरी काही चाचण्यांत कमी दिसली. ही पाहणी लहान, ३९ मुलांचीच होती. पण तिचा कल दुसऱ्या पाहण्यांशी जुळतो.

आणि एक आशेची गोष्ट. चीनमध्ये तोंगलियांग नावाच्या गावी कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. मे २००४ मध्ये ते बंद झालं. ते चालू असताना जन्मलेली आणि बंद झाल्यावर गर्भात वाढलेली मुलं दोन वर्षांची झाल्यावर शास्त्रज्ञांनी तपासली. आधीच्या मुलांत, ज्यांच्या नाळेच्या रक्तात धुराच्या खुणा जास्त, त्यांची वाढ मागं पडलेली दिसली. नंतरच्या मुलांत त्या खुणाच कमी झाल्या होत्या, आणि हालचालींत मागं पडलेली मुलंही कमी होती. धूर थांबला की पुढच्या पाळण्यातल्या बाळाला त्याचा फायदा मिळतो, हा त्याचा अर्थ.

सगळी उत्तरं सोपी नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. तमिळनाडूसह चार देशांत सुमारे ३,२०० गरोदर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्या बायकांना गॅस आणि सिलिंडर फुकट दिले. २०२२ साली निकाल आला, तेव्हा दोन्हीकडच्या बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. या बायकांना गॅस मिळाला तो तिसरा-चौथा महिना लागल्यावर. यावरून एवढं समजावं, की गॅस ही जादूची कांडी नव्हे. आईचं खाणं, तिचं रक्त, शेजारचा आणि शेतातला धूर, हे सगळंच सांभाळावं लागतं. आणि दिवस जाण्याची वाट न पाहता घरातला धूर आधीपासूनच कमी करावा.

घरात काय करावं?

पहिली गोष्ट गॅसची. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरांत सिलिंडर आला. पण तो महाग पडतो म्हणून पाहुण्यांच्या चहासाठी राखून ठेवतात आणि रोजच्या भाकरी चुलीवरच होतात. घरात गरोदर बाई किंवा दोन वर्षांच्या आतलं मूल असेल, तर सिलिंडर त्यांच्यासाठी आहे असं समजा. तेवढ्या काळात बाकीच्या खर्चाला थोडी कात्री लावा.

दुसरी गोष्ट गोबरगॅसची. चार-पाच मोठी जनावरं असतील, तर रोजच्या सुमारे ५० किलो शेणावर दोन घनमीटरचा प्लँट चालतो आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. शेण्या थापून जाळल्या की शेण राख होतं. प्लँटमध्ये घातलं, तर गॅसही मिळतो आणि मळीचं उत्तम खत शेताला परत मिळतं. अनुदानाची चौकशी पंचायत समितीत करावी.

चूल ठेवावीच लागत असेल, तर पऱ्हाट्या, तुराट्या, लाकडं पावसाळ्याआधीच भरून झाकून ठेवा. ओलं सरपण म्हणजे दुप्पट धूर. निर्धूर चुलीचं धुराडं दर महिन्याला झाडा. काजळीनं बुजलेलं धुराडं नसल्यासारखंच. कडधान्य रात्री भिजत घाला, भांड्यावर झाकण ठेवा, जमेल ते कुकरमध्ये शिजवा. चूल जितका कमी वेळ पेटेल तितकं बरं. आढ्याजवळ झरोका ठेवा. चूल ओसरीत किंवा परसात मांडता आली तर उत्तमच. न्हाणीचा बंबही घराबाहेर पेटवावा. आणि मंडळी, गरोदर बाईच्या वाटची चूल घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, हो, पुरुषानंसुद्धा, सांभाळावी. त्यात कमीपणा कसला?

घरात विडी ओढू नका. मिश्री भाजणं आणि लावणं दोन्ही सोडा. तंबाखू धुरातून गेली काय नि हिरड्यांतून गेली काय, बाळापर्यंत पोचतेच. डासांसाठी धूर करण्यापेक्षा मच्छरदाणी लावा.

बाळंतिणीची खोली

बाळंतिणीला शेक-शेगडी आणि बाळाला धुरी देण्याची आपली जुनी रीत आहे. त्यामागची माया खरी आहे. पण दारं-खिडक्या बंद करून बाजेखाली निखारे ठेवले, की तोच बिनवासाचा वायू खोलीत साचतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि जीवही जाऊ शकतो. शेक द्यायचा तर गरम पाण्याच्या पिशवीनं द्या. बाळाला ऊब हवी, तर त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून पांघरूण घाला. ओवा-शेपा खायला द्या, जाळू नका. खोलीत हवा खेळती ठेवा.

शेतातला धूर

ऊस तुटून गेला, की पाचट पेटवून देतो. एका काडीचं काम. पण तो धूर बांधावर थांबत नाही, वस्तीवर येतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्यात उसाचे मळे पेटवत असत. तिथं वाऱ्याची दिशा बघून शास्त्रज्ञांनी जन्माच्या नोंदी तपासल्या. शेवटच्या महिन्यांत ज्या आयांच्या घरांवर उसाच्या आगीचा धूर वाऱ्यानं आला, त्यांची बाळं कमी वजनाची आणि दिवस पुरे भरण्याआधी जन्मली. अशा बाळांच्या मेंदूला जोखीम अधिक असते, हे डॉक्टर जाणतात.

एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. ते जाळणं म्हणजे जमिनीचं अन्न जाळणं. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत पसरा किंवा कुट्टी करा, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाका. मात्रा कृषी सहायकाला विचारा. ओल टिकते, तण कमी होतं आणि खोडवा सुधारतो. कोकणात, मावळात राब भाजण्याऐवजी गादीवाफ्यावर भाताची रोपं करता येतात. प्लॅस्टिक, ठिबकच्या जुन्या नळ्या, मल्चिंगचा कागद हे तर कधीही पेटवू नका. त्यांचा धूर लाकडाच्या धुराहून वाईट.

ध्यानात ठेवा

१. लग्न होऊन सून घरात आली, तेव्हापासूनच चुलीच्या धुराचा बंदोबस्त करा.
२. गरोदरपणाचे नऊ महिने आणि बाळाची पहिली दोन वर्षं गॅस किंवा गोबरगॅसवर स्वयंपाक.
३. चूल असेल तर कोरडं सरपण, स्वच्छ धुराडं, उघडा झरोका.
४. बंद खोलीत शेगडी नको, धुरी नको.
५. पाचट, कचरा, प्लॅस्टिक जाळू नका.
६. दिवस गेल्याबरोबर आशाताईंकडं नोंद करा, रक्त तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या. डोकेदुखी, चक्कर, धाप असेल तर दवाखान्यात दाखवा आणि घरात चूल आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

शेतात एक हंगाम बुडाला, तर पुढच्या हंगामात भरून काढता येतो. बाळाच्या मेंदूचा हंगाम एकदाच येतो. तो सांभाळायला फार पैसा लागत नाही. घरातल्या सगळ्यांनी मनावर घ्यावं लागतं.