पाचवे शील आणि डॉक्टरची गोळी

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला समितीने विषय दिला 'व्यसनमुक्ती'. या विषयावर आपण दरवर्षी भाषण ऐकतो. दारू वाईट आहे, संसार उद्ध्वस्त होतो, हे सांगणारे सांगतात आणि ऐकणारे माना डोलावतात. दारू वाईट आहे हे पिणाऱ्यालाही माहीत असते, आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. म्हणून आज मी ते बोलणार नाही. ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याच्यासाठी वैद्यकशास्त्रात काय औषध आहे, ते कसे काम करते आणि ते मिळते कुठे, एवढेच बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. सूतगिरणीतला कामगार आहे. पाळी सुटल्यावर वाचतो, डॉक्टर मंडळींना विचारतो आणि समजले ते सांगतो.

आपण दर पौर्णिमेला पंचशील घेतो. पाचवे शील म्हणताना आपला आवाज चांगला खणखणीत असतो. बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण आपल्याच वस्तीतला एखादा माणूस त्या वेळी विहाराबाहेर लिंबाखाली उभा असतो. आत येत नाही. त्याला लाज वाटते. त्याची बायको आत बसलेली असते आणि तिला त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटते. घरात पिणारा आहे हे ती सांगत नाही, म्हणून उपचाराचा प्रश्नच निघत नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, ती विनयपिटकात आहे. सागत नावाचा भिक्खू कोसंबीला गेला. लोकांनी भक्तिभावाने घरोघरी त्याला मद्य पाजले आणि तो वेशीजवळ कोसळला. भगवान बुद्धांनी त्याला पाहिले तेव्हा काय केले? भिक्खूंकरवी त्याला उचलून आरामात आणवले. मद्य न पिण्याचा नियम त्यानंतर घालून दिला. आधी माणूस उचलला, मग नियम केला. आजारी पडलेल्या, घाणीत लोळणाऱ्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, हेही आपण ऐकले आहे. जीवक वैद्य तर संघाचाच वैद्य होता. आपल्या धम्मात औषधाला कधी बंदी नव्हती. मग दारूच्या रोगावर औषध घ्यायचे म्हटले की आपण "त्याला मनाचा निर्धारच नाही" असे का म्हणतो? साखर झालेल्या माणसाला आपण म्हणतो का, की निर्धार कर, गोळी कशाला?

आता शरीरात काय होते ते बघू. दारू मेंदूला मंद करते. रोज दारू आली की मेंदू त्या मंदपणाशी झुंजायला आपला वेग वाढवून ठेवतो. पाच-दहा वर्षे असे चालले आणि एके दिवशी दारू एकदम बंद केली, तर मंद करणारे गेले पण वाढलेला वेग तसाच राहिला. यंत्रावरचा भार अचानक काढल्यावर ते भरमसाट पळावे, तसे होते. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, उलट्या होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. आपल्याकडे लोक म्हणतात, बाहेरचे लागले. आणि देवऋष्याकडे नेतात. बाहेरचे काही नसते. हा दारू तुटल्याचा आजार आहे आणि दवाखान्यात नेले नाही तर त्यात माणूस मरतो.

आमच्या पाळीतला एक गडी असाच गेला. मुलीच्या लग्नाआधी त्याने शपथ घेऊन दारू टाकली. सगळ्यांनी शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला, घरच्यांनी खोलीत कोंडून ठेवले, चौथ्या दिवशी पहाटे संपला. शपथ खरी होती. निर्धारही होता. औषध नव्हते.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि देशभर दारूची दुकाने बंद झाली. केरळमध्ये दारू न मिळाल्याने काही माणसांनी जीव दिला. तेव्हा तिथल्या सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांनीच विरोध केला, की दारू तुटल्याच्या त्रासावर उपाय दारू नाही, उपचार आहे. उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये त्या आदेशाला स्थगिती दिली. आपल्या बायाबापड्या गावोगाव मतदान करून बाटली आडवी करतात, ते मोठेच काम आहे. पण दुकान बंद झाल्यावर ज्याच्या अंगात दारू भिनली आहे त्याचे काय करायचे, हेही त्याच दिवशी ठरवायला पाहिजे.

उपचाराचा पहिला टप्पा हा दारू तोडण्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच तोडावी. डॉक्टर काही दिवस क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम या जातीच्या गोळ्या देतात आणि रोज थोड्या-थोड्या कमी करत बंद करतात. या गोळ्या मेंदूचा वेग हळूहळू खाली आणतात. त्या मेडिकलवरून आपल्या मनाने आणून खाऊ नयेत, कारण त्यांचीही सवय लागते आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. सोबत थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व देतात. पिणाऱ्याच्या पोटात अन्न कमी जाते, ब-1 संपलेले असते आणि त्यामुळे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. अशा माणसाला ग्लुकोजची बाटली चढवायची तर थायमिन त्याच्या आधी किंवा सोबत द्यावे लागते. "डॉक्टरसाहेब, हा रोज पितो," एवढे एक वाक्य नातेवाइकांनी लपवले नाही, तर पुढचे डॉक्टर बघून घेतात.

दुसरा टप्पा अवघड. दारू तुटली, पण पुन्हा लागू नये म्हणून काय? त्यासाठी मुख्यतः तीन औषधे आहेत.

पहिले डायसल्फिराम. याचा इतिहास आपल्यासारख्या कामगारांशी जोडलेला आहे. 1937 साली अमेरिकेत रबर उद्योगासाठी रसायन तयार करणाऱ्या कारखान्यातल्या एका डॉक्टराच्या ध्यानात आले, की या रसायनाशी संबंध येणारे कामगार दारू प्यायले की त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, आणि ते दारू सोडतात. ते रसायन डायसल्फिरामचे भाऊबंद होते. पुढे डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी डायसल्फिरामचा अभ्यास केला आणि 1948 पासून ते दारूवर औषध म्हणून आले. दारू शरीरात मोडताना मधल्या पायरीवर एक विषारी द्रव्य तयार होते. ते पुढे मोडण्याचे काम ही गोळी थांबवते. म्हणून गोळी खाऊन प्यायले की उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे असा त्रास होतो. त्या भीतीने माणूस पीत नाही. शेवटच्या घोटानंतर निदान 12 तास गेल्याशिवाय ती सुरू करत नाहीत आणि बंद केल्यावरही 14 दिवसांपर्यंत तिचा असर राहू शकतो.

आता ताई-माईंनो, हे नीट ऐका. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर जाहिरात असते, 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा'. भाजीत पूड टाका म्हणतात. त्या पुडीत काय असते ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम असेल, तर नवरा बाहेर जाऊन पिणारच, आणि त्याचे हृदय किंवा लिव्हर आधीच खराब असेल तर तो जागेवर जाऊ शकतो. ही गोळी पिणाऱ्याला सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. घरच्या माणसाच्या हातून, त्याच्या राजीखुशीने, रोज सकाळी समोर घेतली तर तिचा चांगला उपयोग होतो. लपवून दिली तर ते विष आहे. ही गोळी चालू असताना खोकल्याची काही औषधे, आसव आणि अरिष्टेसुद्धा डॉक्टरला विचारून घ्यावीत, कारण त्यांत अल्कोहोल असते.

दुसरे नाल्ट्रेक्सोन. दारू प्यायल्यावर मेंदूत जो आनंद होतो त्याची वाट हे अडवते. ओढ कमी होते, आणि एक घोट गेलाच तरी त्यावर बाटली संपवण्याची हाव कमी होते. दारूच्या व्यसनासाठी अमेरिकेत त्याला 1994 साली मान्यता मिळाली. जो अफू, गर्द किंवा त्या जातीची कडक वेदनाशामके घेतो त्याला हे देत नाहीत. तिसरे अकॅम्प्रोसेट. दारू थांबवल्यानंतर मेंदूची जी तगमग उरते ती हे शांत करते. किडनी बिघडलेली असेल तर डॉक्टर ते टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली अकॅम्प्रोसेट आणि नाल्ट्रेक्सोन ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. म्हणजे ही श्रीमंतांची चैन नव्हे, गरिबाच्या दवाखान्यातही असायला हवी अशी औषधे आहेत. आपण ती मागितली पाहिजेत.

काही लोक विचारतात, गोळी म्हणजे दुसरे व्यसनच ना? या तिन्ही औषधांची नशा होत नाही, सवय लागत नाही. गर्द आणि अफूच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही औषधे देतात. ती मात्र त्याच जातीची असतात, पण मोजून, डॉक्टरच्या समोर दिली जातात. त्याने माणूस चोरी सोडून कामावर जातो, सुई सोडतो, जगतो. बी.पी.ची गोळी वर्षानुवर्षे खाणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही.

औषध म्हणजे अर्धे काम. उरलेले अर्धे माणसांनी करायचे असते. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुनंदा अवचट यांनी 1986 साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले. तिथे औषधाबरोबर गप्पा, काम, योग आणि बायकांचे गट आहेत. गोव्यात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पिणाऱ्या पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. तिथे समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी, ज्यांच्याशी असे बोलणे झाले त्यांच्यातले 100 पैकी 36 जण धोकादायक पिण्याबाहेर आले. ज्यांच्याशी झाले नाही त्यांच्यातले 26. साध्या माणसाच्या बोलण्याने एवढा फरक पडतो. आपल्या विहारात बोलणाऱ्यांची काय कमी आहे?

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 साली आला. देशात सुमारे 16 कोटी माणसे दारू पितात आणि त्यातल्या 5 कोटी 70 लाखांना मदतीची गरज आहे, असे त्यात आहे. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काही उपचार मिळतो. बाकी 37 जण आपल्यासारख्यांच्या घरात आहेत.

उपचाराच्या नावाने मारहाणही चालते. एका 'केंद्रा'तून परत आलेल्या पोराच्या पायावर साखळीचे वळ मी पाहिले आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि मादक पदार्थांमुळे होणारे मनाचे आजार धरलेले आहेत, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्याने बंदी आहे. घरी बांधून ठेवणे हाही उपाय नाही.

मग जायचे कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा जिल्हा रुग्णालयामार्फत चालतो. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन मानसोपचाराची ओ.पी.डी. विचारा. आपल्या हिंगोलीत 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय आहे. घरातून निघायच्या आधी विचारायचे असेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे आणि 14416 हा टेलिमानसचा. त्यावर मराठीत बोलता येते आणि नाव सांगायची सक्ती नाही.

शेवटी माझ्या समितीला तीन सूचना आहेत. एक, हे दोन नंबर विहाराच्या फलकावर कायमचे रंगवून घ्यावेत. दोन, महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी विहाराची खोली व्यसन सोडू पाहणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना बसायला द्यावी. तिथे भाषण नको, ऐकणारे पाहिजेत. तीन, दवाखान्याच्या फेऱ्या मारणाऱ्याच्या एस.टी. भाड्यासाठी दानपेटीतला थोडा हिस्सा बाजूला ठेवावा. त्याचा एक दिवसाचा रोजही बुडतो, हे विसरू नये.

आणि सोडलेला माणूस पुन्हा प्यायला तर? पुष्कळदा असे होते. रिंग फ्रेमवर धागा तुटतो, तेव्हा आपण यंत्र भंगारात काढत नाही. धागा सांधतो आणि पुढे कातायला लागतो. तो माणूस पुन्हा गोळी सुरू करेल, पुन्हा रविवारी येईल. त्याला आत येऊ द्या. पाचवे शील म्हणणाऱ्यांच्या रांगेत त्याला जागा करून द्या. ते शील पाळण्यासाठी सगळ्यात जास्त झगडणारा तोच आहे.