मोबाइल निवडताना अंगठ्याला विचारा

नवा मोबाइल घेताना स्क्रीन किती इंचांची, हे आपण आधी विचारतो. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतलेलं असतं. २००७ सालच्या पहिल्या आयफोनची स्क्रीन ३.५ इंचांची होती. आज ६ इंचांहून मोठे फोन सर्रास मिळतात. टायपिंगची सोय मात्र फोनच्या रुंदीवर ठरते. रुंद फोनवर अक्षरांची बटणं मोठी, म्हणून चुका कमी. पण एका हातानं लिहिताना अंगठा पलीकडच्या कडेपर्यंत पोचत नाही. म्हणून दुकानात फोन हातात धरा, मराठी कीबोर्ड सुरू करा आणि ‘ज्ञानेश्वर’, ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून पाहा. अंगठा ताणला जात असेल, तर कमी रुंदीचाच फोन घ्या.