एकास सहा, एकास बारा, एकास अठरा

दिवाळीत अंगणात किल्ला रचणाऱ्या मुलांकडे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले असेल, तर बाजारातून आणलेल्या मातीच्या मावळ्यांपैकी एखादा महादरवाजाहूनही उंच निघाल्यावर ती मुले काय करतात, हे आपल्याला ठाऊक असेल. त्या मावळ्याला दारापासून उचलून ती पायथ्याशी, अगदी पुढे आणून उभे करतात, आणि वर बुरुजावर मात्र सर्वांत लहान मावळ्याची नेमणूक होते. वस्तूचा लहानमोठेपणा तिच्या शेजारच्या वस्तूवरून ठरतो, हे तत्त्व कोणी न शिकवता त्या बालकांनी हस्तगत केलेले असते. ज्यांना आज सर्वत्र 'ॲक्शन फिगर' म्हणतात, त्या सांध्यांत वळणाऱ्या, संग्रहासाठी घेतल्या जाणाऱ्या पुतळ्यांची निवड करताना प्रौढ माणसे मात्र नेमके हेच तत्त्व विसरतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. आणि म्हणून आजच्या भाषणात मी त्याचाच विचार करणार आहे.

या छंदाकडे नव्याने वळणारी मंडळी मला प्रथम विचारतात, ते कोणत्या कंपनीची पुतळी घ्यावी, हे. माझे उत्तर असे की, आधी प्रमाण मुक्रर करावे. पात्र कोणते आणि कंपनी कोणती, हा तपशील मागाहून ठरवावा. एखादी पुतळी चुकीची निघाली, तर ती कोणाला तरी देऊन टाकता येते. परंतु प्रमाण चुकले, हे बहुधा दहावी पुतळी घरात आल्यावर आणि कपाट भरल्यावर कळते.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. सहा फूट उंचीचा मनुष्य म्हणजे बहात्तर इंच. तो एकास सहा या प्रमाणात बारा इंचांचा होतो, एकास बारामध्ये सहा इंचांचा, आणि एकास अठरामध्ये चार इंचांचा. परंतु खोक्यावर छापलेले इंच आणि प्रमाण या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, हे विसरू नये. 'सात इंची' म्हणून विकली जाणारी पुतळी साधारणतः एकास दहाच्या घरात जाते, आणि सहा इंची मालिकेतील वीराशेजारी ती उभी केली, की ज्याला आपण साधा शिपाई म्हणून आणले, तो सेनापतीच्या डोक्यावरून पाहू लागतो.

ही मापे कोणा एका शास्त्राने ठरवून दिलेली नाहीत; ती व्यवहारातून आली. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलग्यांसाठी बाहुली घेण्यास आईबाप कचरतील, या भयाने तिला 'बाहुली' न म्हणता 'ॲक्शन फिगर' म्हणावे, असे ठरले, आणि तोच शब्द रूढ झाला. पुढे १९७८ मध्ये केनर कंपनीने 'स्टार वॉर्स' चित्रपटातील पात्रे पावणेचार इंचांत आणली. त्यामागील कारण विचार करण्याजोगे आहे. त्या कथेचा अर्धा प्राण तिच्या आकाशयानांत होता, आणि बारा इंची वीर ज्यात बसेल, असे यान ना मुलाच्या खोलीत मावले असते, ना बापाच्या खिशाला झेपले असते. १९८२ मध्ये जी. आय. जोनेही हेच माप स्वीकारले. गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने पुढे याच मापाचे सैनिक भारतात तयार केले, आणि त्यांतील काहींच्या निराळ्या रंगसंगतीमुळे आज परदेशांतील संग्राहकही त्यांचा शोध घेत असतात. सहा इंची मापाला विशेष प्रतिष्ठा आली, ती २००२ मध्ये सुरू झालेल्या 'मार्व्हल लेजेंड्स' या मालिकेनंतर.

आता प्रत्येक प्रमाणाचा स्वभाव पाहू.

एकास सहा या प्रमाणाचे वैभव चेहऱ्यात आणि वस्त्रात आहे. माणसाचा डोळा सुमारे तीस मिलिमीटर रुंद धरला, तर येथे तो पाच मिलिमीटरांचा होतो, आणि एवढ्या जागेत बुबुळ, त्यातील प्रकाशाचा ठिपका आणि पापणीची ओलसर कड रंगवणे कुशल हाताला शक्य होते. एकास अठरामध्ये तोच डोळा दोन मिलिमीटरांहूनही लहान उरतो, आणि रंगाचा थेंब केसभर सरकला, तरी वीर तिरळा दिसू लागतो. वस्त्राचीही गोष्ट अशीच. माणूस लहान करता येतो, पण कापडाचा धागा त्या प्रमाणात लहान होत नाही. म्हणून मोठ्या पुतळीवर जो अंगरखा डौलदार चुण्यांनी पडतो, तोच सहा इंची पुतळीवर गोधडीसारखा फुगून राहतो. लहान पुतळ्यांची वस्त्रे बहुशः प्लास्टिकमध्येच घडवतात, ती याच कारणाने.

पण वैभवाबरोबर जोखीम येते. माझ्या संग्रहात एक बारा इंची वैमानिक होता. त्याच्या अंगात कृत्रिम चामड्याचे तपकिरी जाकीट होते. काचेच्या कपाटात मी त्याला जिवापाड जपले. दोन पावसाळे गेल्यावर एके दिवशी त्याचा हात वाकवावयास गेलो, तेव्हा कोपरावरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटला, आणि माझ्या बोटांना बारीक तपकिरी भुगा लागला. ते जाकीट पुन्हा मूळच्यासारखे होण्याचा उपाय नव्हता. दमट हवेच्या गावी राहणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी. उलट १९८२ नंतरच्या त्या लहान सैनिकाच्या कमरेत एक रबरी कडी असते. ती तुटून धड आणि पाय निराळे झाले, तरी पाठीवरचा स्क्रू काढून नवी कडी घातली, की पंधरा मिनिटांत तो पुन्हा कामावर रुजू होतो.

जागेचा हिशेब तर सर्वांत निर्णायक. उंची निम्मी झाली, की जमीन निम्मी नव्हे, चौथाई लागते. म्हणजे एकास सहाची एक पुतळी जितकी जागा अडवते, तितक्यात एकास बाराच्या चार आणि एकास अठराच्या नऊ पुतळ्या राहू शकतात. वाहनांचेही तसेच: पंधरा फुटांची मोटार एकास सहामध्ये तीस इंचांची, एकास बारामध्ये पंधरा इंचांची, आणि एकास अठरामध्ये केवळ दहा इंचांची होते. ज्याला सेना, रणगाडे आणि विमाने यांसह अवघा प्रसंग उभा करावयाचा आहे, त्याला लहान प्रमाणावाचून गत्यंतर नाही. आणि तेथेही मर्यादा आहेच. १९८५ मध्ये जी. आय. जोसाठी 'यू. एस. एस. फ्लॅग' ही विमानवाहू नौका निघाली, तिची लांबी होती सुमारे साडेसात फूट. परंतु खऱ्या मोठ्या विमानवाहू नौकेची हजार फुटांहून अधिक लांबी एकास अठराने भागली, तर पंचावन्न-साठ फूट येतात! म्हणजे अतिविशाल वस्तूपुढे प्रमाणाला तडजोड करावीच लागते. मात्र ती यानांनी आणि इमारतींनी करावी, माणसांनी करू नये.

मधले एकास बारा हे प्रमाण मी सामान्य गृहस्थाला निःशंकपणे सुचवितो. फुटाला एक इंच, हे बाहुलीघरांचे जुने माप. नवी दिल्ली रचणाऱ्या ल्युटेन्स यांनी इंग्लंडच्या राणी मेरीसाठी जे बाहुलीघर १९२४ मध्ये पूर्ण केले, तेही याच मापाचे. त्यामुळे या प्रमाणात मेज, खुर्च्या, कंदील, पुस्तके असा सारा सरंजाम तयार मिळतो. चेहरा ओळखू येण्याइतका मोठा, आणि परिवार मावण्याइतका लहान, असा हा सुवर्णमध्य आहे.

शेवटी एक साधा प्रयोग सांगतो. पैसे खर्च करण्यापूर्वी पुठ्ठ्याच्या तीन आकृती कापा: बारा, सहा आणि चार इंचांच्या. त्या आपल्या फळीवर आठ दिवस उभ्या ठेवा, आणि येताजाता पाहा. एका व्यक्तीच्या मुखाशी डोळे भिडवून उभे राहावे, असे ज्याला वाटते, त्याने मोठे प्रमाण घ्यावे, आणि दोन-तीन पुतळ्यांवर समाधान मानावे. ज्याला पात्रांचा मेळा हवा, त्याने मधले घ्यावे. ज्याला प्रसंग हवा, त्याने लहान. आणि एकदा निर्णय झाला, की दुसऱ्या प्रमाणातील कितीही सुंदर पुतळी समोर आली, तरी तिच्यासाठी निराळी फळी नसेल, तर तिला दुकानातच राहू द्यावे. प्रमाण पाळले, की सामान्य किमतीच्या पुतळ्यांतूनही एक जग उभे राहते. ते मोडले, तर अमूल्य पुतळ्यांचाही केवळ साठा होतो. किल्ल्यावरच्या मुलाने तो मावळा खाली आणला, तो याचसाठी: दरवाजा दरवाजा राहावा, आणि किल्ला किल्ला.