जिभेची पहिली शाळा
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



मी राहतो त्या चेन्नईच्या अड्यार भागात थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्यालय आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी १९३९ च्या अखेरीस तेथे आल्या. त्यांच्या पहिल्या प्रशिक्षणवर्गाला सुमारे ३०० जण जमले होते. बाई इटालियनमध्ये बोलत आणि त्यांचे चिरंजीव मारिओ ते इंग्रजीत सांगत. महायुद्धामुळे हा मुक्काम १९४६ पर्यंत लांबला.

त्यांचे आडनाव आज गावोगावच्या बालवर्गांच्या पाट्यांवर आहे. आपण ‘मॉन्टेसरी’ म्हणतो. मूळ उच्चार मात्र ‘मोन्तेस्सोरी’च्या जवळचा. त्यातला ‘त’ आपल्या ‘ताक’-‘तूप’मधला आहे. तो उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना मागून टेकते. इंग्रजीत तेच टोक दातांमागच्या हिरडीवर जाते आणि तो ध्वनी आपल्या कानाला ‘ट’सारखा लागतो. जो ध्वनी आपल्या तोंडात तयार होता, तो आपण इंग्रजीच्या वळशाने गमावला!

इटालियनची आणखी दोन वैशिष्ट्ये पाहा. आपण ज्याला ‘पिझ्झा’ म्हणतो, त्यात इटालियन माणूस ‘चमचा’तला दंत्य ‘च’ थोडा थांबवून, ठसठशीत उच्चारतो. मराठीत ‘चार’मधला ‘च’ निराळा आणि गुरांच्या ‘चारा’मधला निराळा. पहिल्यात जिभेचा मधला भाग टाळूकडे जातो, दुसऱ्यात टोक दातांकडे. लिपीत हा भेद दिसत नाही. मूल तो आईच्या बोलण्यातून उचलते. दुसरी गोष्ट द्वित्ताची. इटालियनमध्ये ‘पाला’ म्हणजे फावडे आणि ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. आपल्या ‘खडा’ आणि ‘खड्डा’ यांत असाच फरक आहे. जीभ जागा बदलत नाही, क्षणभर तेथे थांबते, आणि अर्थ बदलतो.

प्रत्येक परका ध्वनी इतका सोपा नसतो. ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी आपण ‘ळ’ लिहितो; पण तमिळमध्ये ‘ळ’ वेगळा आहे आणि हा शेवटचा ध्वनी वेगळा. ‘बाळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. तमिळच्या त्या ध्वनीत ते तसेच वळते, पण टाळूला टेकत नाही. ज्याला ‘ळ’ येतो, त्याला एवढेच सांगावे लागते की जीभ वळव, पण टेकवू नकोस. ज्याला ‘ळ’च येत नाही, त्याला आधी जीभ वळवण्यापासून शिकवावे लागते.

म्हणून मातृभाषेतले शिक्षण इतर भाषांच्या आड येते, हे मला पटत नाही. आपली वर्णमाला मुळातच तोंडाचा नकाशा आहे. ‘क’ घशाजवळ, ‘च’ टाळूशी, ‘ट’ जीभ वळवून, ‘त’ दातांपाशी आणि ‘प’ ओठांवर. ती आपण मुलांकडून पाठ करून घेतो. हा नकाशा मात्र उलगडून दाखवत नाही. मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि त्याच वेळी अक्षराचे नाव नव्हे, तर ध्वनी उच्चारते. हात, कान आणि जीभ एकत्र शिकतात. ताराबाई मोडकांनी ही शिक्षणदृष्टी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेली, तीही भोवती सापडणाऱ्या साध्या साधनांनिशी. तेव्हा पैशाची सबब आपल्यालाही सांगता येणार नाही.

पालकहो, मराठी शाळेतले आपले मूल उद्या इंग्रजी बोलताना अडखळेल, ही भीती मी समजू शकतो. पण जे मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणते, त्याला हसून त्याची जीभ सुधारत नाही. ते मूल बोलायचे मात्र थांबते. आणि गप्प बसलेल्या मुलाला कोणतीच भाषा येत नाही. त्याला आरशासमोर उभे करावे, ‘न’ला जीभ कोठे लागते आणि ‘ण’ला कोठे, हे दाखवावे. घरच्या बोलीतला त्याचा ‘न’ चुकीचा ठरवू नये. त्याच्या शेजारी ‘ण’ची भर घालावी. ही सवय एकदा लागली, की इंग्रजी, तमिळ वा इटालियन, प्रत्येक भाषेत ते मूल आधी विचारेल, ‘जीभ कोठे ठेवू?’

शाळेच्या ६० वर्षांच्या या टप्प्यावर माझी एकच विनंती आहे. बालवर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला येईल असा एक आरसा लावावा आणि वर्णमाला त्याच्यासमोर शिकवावी. त्या आरशाचा खर्च उचलण्याची जबाबदारी आम्हा माजी विद्यार्थ्यांची.